गजराने मागितली नाव

नाव फुटकी, नदी भरलेली, आणि नावेत बाळंतीण! पैलाडच्या येसूला कळा सुरू झाल्या म्हणून नावाडीण गजरा तिला अलीकडच्या काठावर, वरखेडच्या सुईणीकडे घेऊन निघाली, तर ऐन मध्यावर नावेची जुनी फट उघडली. येसूची सासू तांब्याने पाणी उपसत होती. पोर बाहेर आलं तसा तिने तांब्या टाकला आणि पोर पदरात घेतलं. गजरा वल्हं मारत राहिली. नाव काठाला लागली तेव्हा आतलं पाणी गुडघ्याशी आलं होतं.

मायलेकी वाचल्या. आता नवी नाव हवी! पण द्यायची कुणी?

वरखेडात एक सेवाभावी बंधुमंडळ होतं. गावातले बडे व्यापारी त्यात होते. ते एकमेकांना ‘बंधू’ म्हणत, पगडीला जरीची फीत लावत, आणि दरसाल दिवाळीत एका लोकोपयोगी कामाला निधी देत. मागच्या साली तो निधी दामोदरबंधूंच्या दुकानापुढे ओसरी बांधायला गेला, वाटसरूंना सावली मिळावी म्हणून! त्याच्या आदल्या साली केशवबंधूंच्या बागेत विहीर झाली, पाखरांना पाणी मिळावं म्हणून!

गजरा मंडळाच्या वाड्यावर गेली. लोडाला टेकून अध्यक्ष नगरशेठ त्रिंबकशेठ बसले होते. शेजारी त्यांचे चिटणीस गोपाळपंत, भोवती बाकीचे बंधू.

“काय हवंय?” शेठजींनी विचारलं.

“नाव, शेठजी. पैलाडचं सगळं गाव माझ्या नावेतून बाजाराला येतं, दवापाण्याला येतं. नाव बुडाली तर गाव बुडेल!”

“पण यात मंडळाला काय?” गोपाळपंत म्हणाले. “आमचं नाव व्हायला पाहिजे!”

“होईल की! तुमचं नाव होईल, आमची नाव होईल!”

दोघेचौघे बंधू खुदकन हसले. शेठजींच्या कपाळाला आठी पडली. आपण सुरू न केलेलं हसू त्यांना खपत नसे.

“मंडळाचा नियम आहे,” ते म्हणाले. “निधी मिळतो तो बंधूलाच! भाऊबीजेला आमचं बंधुभोजन असतं, तेव्हा निधी जाहीर होतो. त्या दिवशी बंधू होऊन ये आणि नाव घेऊन जा. नाही जमलं, तर पुन्हा या पायरीवर पाऊल टाकायचं नाही!”

“बाईमाणूस बंधू कसं होईल, शेठजी?”

“ते तू बघ! जीभ एवढी चालते, तर डोकंही चालव!”

आता मात्र सगळेच बंधू पोट धरून हसले. गजरा खाली मान घालून पायऱ्या उतरली. वाटेत तिला रडू आलं, पण रागाने ते अर्ध्यावरच आटलं.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या सकाळी गजराने फटीत डांबर थापलं आणि नाव पाण्यात ढकलली. पैलाडच्या बाया नव्या लुगड्यांत, हातात ताटं घेऊन नावेत बसल्या. कुणाचा भाऊ वरखेडात, कुणाचा त्याच्याही पलीकडे. त्या ताटांकडे बघता बघता गजराचं वल्हं थांबलं.

“बायांनो,” ती म्हणाली, “आज भाडं नको. भावाकडे जाण्याआधी घटकाभर माझ्याबरोबर चला!”

वाड्यात पंगत बसली होती. पाटावर बंधू, पानात जिलब्या. तेवढ्यात दारातून ताटांची रांग आत आली. निरांजनं तेवत होती. कुणी काही बोलायच्या आत गजराने त्रिंबकशेठना कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि ओवाळायला सुरुवात केली. बाकीच्या बायांनीही एकेक बंधू धरला. भाऊबीजेचं ओवाळणं अर्ध्यावर मोडायची छाती कुणाची?

ओवाळून झालं तसे शेठजी कडाडले, “हा काय प्रकार? तुला बंधू होऊन यायला सांगितलं होतं!”

“मी कशाला बंधू होऊ? मी तुम्हांला बंधू करायला आले!”

“आम्ही आहोतच बंधू!”

“कुणाचे?”

“एकमेकांचे!”

“भावाभावांत वाटणी होते, दादा,” गजरा म्हणाली. “ओवाळणी बहिणीलाच मिळते!”

दामोदरबंधूंना जिलबीचा ठसका लागला. केशवबंधू छताकडे बघू लागले.

“पण अर्ज! नियम!” गोपाळपंत उठले.

“ओवाळणीला अर्ज करतात होय, पंत? आजच्या दिवशी यमसुद्धा बहिणीला रिकामं ताट दाखवत नाही!”

शेठजी हट्टाला पेटले. “बरं! ओवाळणी घालतो. पण ताटात मावेल तेवढीच! तुझी नाव मावते का या ताटात?”

बंधूंनी टाळ्या पिटल्या. गजराने ताटाकडे पाहिलं. निरांजन, सुपारी, कुंकवाचा करंडा. मूठभर जागा. मग तिने मान वर केली.

“नाही मावत. मग शब्द घाला, दादा. त्याला जागा लागत नाही!”

शेठजी पगडी चाचपू लागले. धनी अडचणीत आलेले बघून गोपाळपंत पुढे सरसावले. “ए बाई! शेठजींचा शब्द म्हणजे काय समजलीस? आजवर एकदाही खाली पडला नाही!”

“आजही पडू नये, पंत,” गजराने ताट शेठजींच्या हनुवटीखाली सरकवलं, “म्हणून तर खाली ताट धरलंय!”

त्रिंबकशेठनी ताटाकडे पाहिलं, गोपाळपंतांच्या उघड्या राहिलेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांना असं हसू फुटलं की पगडी घसरून मांडीवर आली.

“घातला! घातला शब्द ताटात! सागाची नाव, चांगली रुंद! आणि वर तुला साडीचोळी! पंत, या साली मंडळाचा निधी बहिणीला गेला म्हणून जाहीर करा! आणि उठा रे बंधूंनो, पाट रिकामे करा. आधी बहिणींची पंगत!”

बंधू उठले. जिलब्या वाढायला दामोदरबंधूंना लावलं. गजराने दोनदा मागून घेतल्या.