बकुळेची चाकरी

बकुळा शेळीने गंगाबा तांबटाचा तळहात चाटला आणि गंगाबाची चाकरी गेली!

कुंभेरीच्या सर्जेराव राजाने दोन हुकूम काढले होते. पहिला असा, की आपल्या घरी बसून भांग पिणं हा गुन्हा नाही. दवंडी ऐकून प्रजा खूश झाली. आठवड्याभराने दुसरा निघाला : ज्याच्या अंगात भांग सापडेल त्याला सरकारी चाकरी नाही! भांग शोधायच्या कामावर बकुळेची नेमणूक झाली. ती राजाच्या भांगेच्या मळ्यातच चरून वाढलेली. भांग प्यायलेल्या माणसाच्या घामाला महिनाभर एक वास राहायचा, आणि असा तळहात बकुळा हमखास चाटायची.

गंगाबाने शिवरात्रीला घरी एक पेला घेतला होता. त्याला बारा दिवस उलटले होते. तरी तांब्याच्या भांड्यांच्या सरकारी कारखान्याचा प्रमुख, कारखानीस रंगोबा, याने त्याची हातोडी काढून घेतली. सरकारी कारखान्याने हातोडी काढून घेतलेल्या तांबटाला कुंभेरीत दुसरं कोणी ऐरणीजवळ उभंसुद्धा करत नसे.

गंगाबा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. त्याच्याच हाताखाली तांबटकाम शिकणारी त्याची मुलगी मथू चुलीवरचं भांडं तसंच सोडून उठली.

"कुठे निघालीस?"

"दरबारात."

"अगं, राजा आहे तो! जरा नीट बोल."

"मी नीटच बोलते, आबा. ते लोकांना झोंबतं, त्याला मी काय करू?"

दरबारात शिरल्याबरोबर तिने विचारलं, "महाराज, एका हुकुमाने भांग पिऊ दिलीत, दुसऱ्याने कामावरून काढलंत. माझ्या आबांनी मोडला तरी कोणता हुकूम?"

राजाच्या भुवया चढल्या.

"पोरी, कारखान्यात तापलेलं तांबं असतं. झिंगलेला माणूस तिथे मला नको. कोणाचा तरी हात जाईल!"

"मलाही नको. पण आबा झिंगलेले नव्हते."

"म्हणजे बकुळा खोटारडी?"

"शेळीला खोटं कुठून बोलता येणार!"

राजा हट्टाला पेटला. "मग ऐक. बकुळा चुकली असं म्हणायचं नाही. बापाने भांग घेतलीच नव्हती असंही म्हणायचं नाही. तरीही तो शुद्धीवर आहे हे सूर्य डोक्यावर यायच्या आत मला इथेच दाखव. नाही जमलं तर तूही जन्मात हातोडी धरायची नाहीस!"

"चालेल. दोन लोटे, दोन ऐरणी आणि दोन हातोड्या मागवा. आबांना बोलवा. आणि आमचे रंगोबाकाकाही येऊ देत. कारखानीस व्हायच्या आधी ते गावातले नामांकित तांबट होते."

सगळं आलं. मळ्याच्या माळ्याबरोबर बकुळाही आली. तिने गंगाबाचा तळहात पुन्हा चाटला. रंगोबाचा हुंगला आणि तोंड फिरवलं.

"पाहिलंत?" रंगोबा मिशीला पीळ देत म्हणाला. "मी स्वच्छ!"

"तर काय! काका, मठारा मग एक ओळ."

मठारायचं म्हणजे भांड्यावर हातोडीने एकाशेजारी एक ठिपके उठवायचे. ठोका जिथे पडला तिथेच राहतो, पुसता येत नाही. दोघं बसले. दरबारात ठकठक सुरू झाली. गंगाबाचे ठोके घड्याळासारखे पडत होते. रंगोबाचा एक ठोका इकडे पडला, दुसरा तिकडे, आणि तिसरा थेट स्वतःच्या अंगठ्यावर!

"आई गं!"

मथूने दोन्ही लोटे राजापुढे धरले. एकावर मोत्यांची माळ ओवल्यासारखी ओळ होती. दुसऱ्यावर जणू कोंबडी नाचून गेली होती.

राजा पुढे वाकला. "रंगोबा, सकाळी काय घेतलंस?"

"जरा... दोन पेले माडी, महाराज. पण माडीवर हुकूम कुठे आहे?" रंगोबा अंगठा चोखत म्हणाला. तो रोज सकाळी माडीच्या दुकानावरूनच कामावर येतो हे मथूला ठाऊक होतं.

"महाराज," मथू म्हणाली, "बारा दिवसांपूर्वी घरात काय झालं ते बकुळा सांगते, आणि खरंच सांगते. आत्ता हात कसा चालतो ते लोटा सांगतो. तुम्हाला भीती कशाची आहे? घरातल्या पेल्याची की ऐरणीवरच्या हाताची?"

राजाला पटलं होतं. पण राजाच तो!

"ते असू दे. हुकूम म्हणजे हुकूम! अंगात भांग, तर सरकारी चाकरी नाही. कोणालाच सूट नाही!"

"कोणालाच?"

"कोणालाच!"

"मग महाराज, बकुळा कोणाच्या चाकरीत आहे?"

"माझ्या! रोज दोन पेंढ्या चारा आणि मूठभर गूळ मिळतो तिला."

"आणि ती रोज सकाळी कुठे चरून कामावर येते?"

मळ्याचा माळी मागच्या मागे सटकू लागला. बकुळा दरबाराच्या मधोमध उभी राहून संथपणे रवंथ करत होती. तिचे डोळे अर्धे मिटले होते, आणि ओठाला अजून एक हिरवं पान चिकटलेलं होतं.

आधी एक शिपाई फसकन हसला. मग सेनापती. मग खुद्द राजा असा गडगडून हसला की त्याला गादीचा आधार घ्यावा लागला. त्याचा हात गादीवरून खाली लोंबला. बकुळा डुलत डुलत तिथे गेली आणि तिने राजाचा तळहात चांगला मनगटापर्यंत चाटून काढला!

सगळे मानकरी छताकडे पाहू लागले. शिवरात्रीचा पहिला पेला वाड्यावर जातो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मथू लोट्यावर मान वाकवून म्हणाली, "मी काही पाहिलं नाही, महाराज. मी ठोके मोजतेय."

आता तर राजा हसता हसता रडायलाच लागला! डोळे पुसत त्याने हुकूम बदलला. यापुढे कारखान्यात प्रत्येकाने सकाळी कामावर आल्यावर एक ओळ मठारायची. ओळ सरळ आली तर काम सुरू. वाकडी आली तर त्या दिवसापुरतं घरी, मग प्यायला काहीही असो. गंगाबाला त्याची हातोडी परत मिळाली, आणि रंगोबाला त्या दिवशी घरी जावं लागलं.

"आणि तुला काय हवं, मथू?"

"सकाळच्या ओळी तपासायचं काम मला द्या."

"दिलं! आणखी?"

"बकुळा द्या. तुमच्या हुकुमाने बिचारीची चाकरी गेलीच आहे. आमच्या घरी राहील, साधं गवत खाईल."

राजाने स्वतः बकुळेचं दावं मथूच्या हातात दिलं. दुसरा हात मात्र त्याने पाठीमागे लपवला होता.