हिऱ्याची चांदीची वाटी

निंबाजीराव सरदारांचा त्यांच्या शिकारी कुत्र्यावर, हिऱ्यावर, भारी जीव. सरदार जेवायला बसले की शेजारी हिऱ्याचाही पाट मांडायचा आणि चांदीच्या वाटीत म्हशीचं घट्ट दूध ओतायचं, असा हुकूमच होता. दूध प्यायलं की हिऱ्याला जुलाब व्हायचे, आणि खापर फुटायचं त्याला सांभाळणाऱ्या भिवावर.

"सरकार, त्याला दूधच पचत नाही," भिवा काकुळतीनं म्हणाला.

"दूध म्हणजे अमृत. मला पचतं ते माझ्या हिऱ्याला न पचायला काय झालं? तूच काहीतरी कालवतोस. उद्या पुन्हा पोट बिघडलं, तर चाबकानं सोलून काढीन."

धाकटी सून सगुणा हे दाराआडून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी वाढायला तीच आली. सरदारांनी ताटावरचं झाकण उचललं, तर आत भात नाही की पोळी नाही. हिऱ्यानं परसात पुरून ठेवलेलं, मातीनं माखलेलं हाड!

"सूनबाई, हे काय?" सरदार गरजले.

"मामंजी, हिऱ्या हे मिटक्या मारत खातो," सगुणा पदर सावरत म्हणाली. "त्याला पचतं ते आपल्याला न पचायला काय झालं?"

सरदारांनी मुकाट्यानं हाड शेजारच्या पाटाकडे सरकवलं आणि दुधाची वाटी स्वतःकडे ओढली.