क्रोशाच्या आवरणाखालची चिप

“तुझ्यासारख्या चिमुरडीला सिनेमे सांभाळायला कोण नेणार गं?” थोरला प्रोसेसर गुरगुरला.

“साठवलेलं काढून तर द्यायचं, त्याला पैलवान कशाला?” स्वस्तातली चिप म्हणाली. आज कुणी नेली नाही, तर तिची रवानगी भंगारात होणार होती.

हार्ड डिस्क विटेएवढ्या असत, तेव्हाची ही गोष्ट. अनसूयाबाई हुलसुरे घरची लग्नं, बारशी आणि सिनेमे साठवायला संगणकाचं खोकं घ्यायला दुकानात आल्या होत्या. दुकानदारानं दोघांनाही एकेका खोक्यात बसवून चार-चार सिनेमे एकदम लावून दिले. अनसूयाबाईंनी पिशवीतून स्वतः विणलेली क्रोशाची आवरणं काढून दोन्ही खोक्यांवर घातली. मिक्सर असो की टीव्ही, त्यांच्या घरी काही उघडं राहत नसे.

तासाभरात थोरल्याचा पंखा घरघरला आणि तो तापून बंद पडला. चिप फारशी तापतच नसे, म्हणून तिला पंखाच नव्हता. तिचे चारही सिनेमे न अडखळता शेवटपर्यंत चालले.

“गुदमरलो म्हणून,” भानावर आल्यावर थोरला कुरकुरला. “आवरण काढा, मग बघा माझी ताकद.”

“दादा, बाईंच्या घरी आवरण काही निघायचं नाही,” चिप म्हणाली, “तेव्हा तू बस इथं ताकद दाखवत, मी चालले कामाला.”