गेनू तोलाराची रेघ

सांगतो ते अक्षर न् अक्षर खरं आहे, जानाईची शपथ. मी स्वतः त्या चिंचेखाली उभा होतो. आता ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची, म्हणजे माझ्या पणजोबांना दातसुद्धा आले नव्हते तेव्हाची. मग मी तिथं कसा, असं कुणी विचारेल. विचारू नये. चिंच होती ना? ती अजून आहे. झालं तर.

तर नदीकाठच्या चिखलोशीत तेव्हा गेनू नावाचा तोलार होता. गावात ऊस मुबलक, गुऱ्हाळं भरपूर, आणि गूळ तोलायचा तो गेनूनंच. उडत्या कावळ्याकडं बघून तो त्याचं वजन सांगायचा, आणि कावळ्याच्या चोचीत भाकरीचा तुकडा असला तर तो वजा करून सांगायचा, असं म्हणतात.

त्याची एक रीत होती. तराजू टांगला की तो भोवती चुलीतल्या राखेनं रेघ ओढायचा. काटा थांबेपर्यंत रेघेच्या आत कुणी यायचं नाही आणि बाहेरच्यानं तोंड उघडायचं नाही. माल ज्याचा त्यानं तर नाहीच नाही. एकदा खुद्द देशमुखांचा पाय आत पडला, तर गेनू म्हणाला, "सरकार, पाय काढा, न्हाईतर तो बी गुळात धरतो." देशमुखांनी पाय काढला.

गावातलं सगळ्यात मोठं गुऱ्हाळ सगुणाक्काचं. नवरा लवकर गेला, तशी पदर खोचून ती रसाच्या उकळत्या काहिलीपाशी उभी राहिली आणि एकुलत्या एका हैबतीला तिनं वाढवलं. गेनू तोलायला गेला की ती भाकरीवर ऊन ऊन काकवी ओतायची आणि म्हणायची, "खा रं. उपाशी माणसाचा हात हलतो."

मग अक्का म्हातारी झाली आणि गुऱ्हाळ हैबतीकडं गेलं. एका हंगामात काकवी आलीच नाही. अक्का मागं, गोठ्याशेजारच्या खोपीच्या दारात बसलेली. गेनूनं विचारलं, "अक्का, बरी हाईस न्हवं?"

"बरी हाय की," हैबती बोलला.

"जेवलीस का?"

"आत्ताच जेवली," हैबतीच बोलला.

तिचं मनगट काळंनिळं झालं होतं. गेनूची नजर तिथं गेली तसा तिनं पदर ओढला. एवढं मात्र ती स्वतः बोलली, "पडले मी."

गेनू घरी आला, पण वाढलेलं ताट त्यानं बाजूला सारलं. ज्याचा जन्म तोलण्यात गेला, त्याला प्रश्न एका तराजूत आणि उत्तर दुसऱ्याच तराजूत, हे कसं पचावं?

तो भोळा म्हणा, घाईचा म्हणा. दुसऱ्याच दिवशी त्यानं हैबतीला पारावर चारचौघांत हटकलं. "आईवर हात टाकतोस व्हय रं?"

हैबती चिडला नाही. हसला. "म्हातारी भ्रमिष्ट झालीया, गेनूकाका. कुठं बी आदळती. तुमीच सांगा, आई कुणाला नको असती?" पारावरच्यांनी माना हलवल्या. ज्याच्या त्याच्या घरची गोष्ट, म्हणाले, आणि तंबाखू मळत बसले.

पुढच्या खेपेला गेनू गेला, तर खोपीला बाहेरून कडी. पावलांचा आवाज ऐकून अक्का आतूनच बोलली, "जा बाबा. पडले मी." अजून कुणी काही विचारलंही नव्हतं.

आपण पारावर जे बोललो त्याचा भार हिच्या पाठीवर पडला, हे गेनूला तेव्हा उमगलं. त्यानंतर वारा नसतानाही त्याच्या तराजूचा काटा थरथरत राहायचा, असं म्हणतात.

जानाईच्या जत्रेत नवसाच्या लेकरांची गुळानं तुला व्हायची. एका पारड्यात लेकरू, दुसऱ्यात ढेपा, आणि मग तो गूळ गावाला वाटायचा. त्या वर्षी गेनूनं ढोल थांबवला आणि सांगितलं, "औंदा देवीला लेकरू नको. ज्या हातचा गूळ खाऊन गाव वाढलं, त्या सगुणाक्काची तुला करायची."

गावानं भंडारा उधळला. हैबतीला नाही म्हणता येईना. मोठेपणा तर हवा होता, पण आईचं काय उरलंय हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं तिला जरीकाठी लुगडं नेसायला लावलं, ओच्यात पाच-पाच शेरांची लोखंडी वजनं बांधली आणि वरून शाल पांघरली. अक्का गाडीतून उतरली तशी लोकं म्हणाली, "बघा, अंगानं भरलीया की अक्का."

देवळापुढच्या चिंचेला तराजू टांगून गेनूनं रेघ ओढली. या वेळी मोठी ओढली, पार चिंचेच्या सावलीएवढी. अक्काला धरून पारड्यात बसवलं. हैबती मागोमाग निघाला.

"हैबतराव, रेघ."

"आरं, आई हाय माझी! घाबरंल ती. तिला धड बोलता बी येत न्हाई."

"माल तुमचा. म्हणूनच तुमी भाईर."

लोक हसले. हैबती थांबला.

ढेपा चढल्या. अक्काचं पारडं जमीन सोडून उठलं. सगळीकडं शांत झालं. गेनू तिच्या कानाशी वाकला. "अक्का, हितं तुझ्या-माझ्याबिगर कुणी न्हाई. तुझं तू सांग. सांगावं वाटलं न्हाई तरी चालंल. मी पुन्यांदा इचारीन. पुढल्या जत्रंला बी इचारीन."

अक्कानं शालीखाली हात घातला, ओचा सोडला आणि एक वजन खाली टाकलं. धप्प. पारडं वर गेलं. आणखी एक. धप्प. पारडं चढतच गेलं. माणसांच्या पागोट्यांवर, देवळाच्या कळसावर, चिंचेच्या शेंड्यावर गेलं, असं म्हणतात. तिथून तिला नदी दिसली, गुऱ्हाळाचा धूर दिसला, आणि ती खोपही दिसली, करंडीएवढी. तिथून ती बोलली. आवाज एवढासा, पण रीतीप्रमाणं कुणी तोंड उघडलं नव्हतं, म्हणून सगळ्या गावाला ऐकू गेला.

"मी पडले नव्हते."

हैबतीनं तोंड उघडलं. "काटा थांबला न्हाई अजून," गेनू म्हणाला. हैबती पुढं सरकला, तर पारावर तंबाखू मळणारी तीच माणसं त्याच्या पुढ्यात, रेघेवर येऊन उभी राहिली. त्यांच्या माना मात्र खाली होत्या.

"हाणा त्याला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुमाला काय पायजे ते नंतर," गेनू म्हणाला. "आदी तिला काय पायजे ते इचारा."

अक्का म्हणाली, "घराच्या पुढच्या सोप्यात बसायचंय. दार उघडं ठिवून. अन् काकवी-भाकरी."

"अन् हैबतीचं काय करायचं? घालू खोपीत?" लोकांतून एकानं विचारलं.

ती लेकाकडं बघत राहिली. "खोपीत नको. पावसाळ्यात गळती ती, मला ठावं हाय." मग म्हणाली, "पर माझ्या घरात बी नको."

तेव्हा कुठं पारडं खाली आलं. हैबती मळ्यात राहायला गेला. किल्ल्या अक्काच्या कमरेला आल्या. गावातल्या बाया पाळीपाळीनं तिच्या सोप्यात निवडण-टिपण घेऊन बसायला लागल्या. पुढं अक्का अशी भरली, की तिच्या तुलेला शेजारच्या गावाहून गूळ आणावा लागला, असं म्हणतात. गेनू कधी गेला ते कुणी सांगत नाही. काटा थांबला, एवढंच सांगतात.

आता तोलार राहिले नाहीत, काटे विजेवर चालतात. पण जत्रेला चिखलोशीत चिंचेखाली तो जुना तराजू निघतो, राखेची रेघ पडते आणि गावातलं एकेक म्हातारं माणूस पारड्यात बसतं. मुलं-सुना-जावई रेघेबाहेर. आत तोलणारा माणूस कानाशी वाकून म्हणतो, "तुझं तू सांग." बहुतेक जण सांगतात, चहात साखर कमी घालतात. मग हशा होतो. एखाद्या वर्षी एखादं माणूस हसत नाही, गप्प बसून राहतं. त्या वर्षी पारडं उतरवायची कुणी घाई करत नाही.

बाकी वर्षभर, म्हाताऱ्या माणसाला विचारलं आणि भलत्यानंच उत्तर दिलं, तर गावातलं शेंबडं पोरसुद्धा ओरडतं, "रेघ!" बोलणाऱ्याला गप्प बसावं लागतं, मग तो सरपंच का असेना.

आता शपथ घेतलीय म्हणून सांगतो. चिंचेच्या शेंड्याचं मी पदरचं घातलंय. पारडं उचललं असेल फार तर हातभर. तिला तेवढं पुरलं.