सुक्या पिशवीतला पंजा

“मग हा हात कुणाचा, आई?”

हिंगणकरांनी पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरला. बुटांच्या खोक्याचं झाकण होतं ते. त्यावर तपकिरी, ओलसर पंजा उमटला होता. पाचही बोटं स्पष्ट.

तपस्विनी कमळाईंनी तो नुसता पाहिला.

महानुभाव आश्रमाच्या ओसरीवर भर दुपारी चिटपाखरू नव्हतं. एक म्हातारी कुत्री तेवढी होती. ती कधी कुणावर भुंकत नसे. आज हिंगणकर पायरी चढले तशी ती उठली आणि मागं मागं सरत भिंतीला जाऊन चिकटली.

दिगंबर हिंगणकर म्हणजे पलीकडच्या सोसायटीचे सेक्रेटरी. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे त्यांनीच घरोघरी गळी उतरवलं. काम चांगलंच होतं. पण पुढे त्या सुक्या कचऱ्याचं त्यांनी सोवळंच मांडलं. सकाळी गाडी यायच्या आधी गेटपाशी बसायचं, प्रत्येक घराची पिशवी सोडायची, तळापर्यंत हात घालायचा आणि पुन्हा गाठ मारायची. कुणाच्या दुधाच्या पिशवीत थेंब सापडला, की त्या घराचा सगळ्यांदेखत उद्धार व्हायचा.

“गाडीवाले आमचा सुका कचरा घेईनात,” ते म्हणाले. “खरकट्यानं बरबटलाय म्हणतात. परत केलेल्या पिशव्यांचा गेटपाशी ढीग झालाय. बायका शपथा घेऊन सांगतात, घरातून निघाला तेव्हा कोरडा होता... आणि प्रत्येक पिशवीत हाच पंजा.”

“प्रत्येक?”

“प्रत्येक. पोरं गेटकडे फिरकत नाहीत आता.”

“लोक काय म्हणतात?”

हिंगणकरांनी आवाज खाली आणला.

“आश्रमाच्या खोलीतल्या मैनाबाईचा मेलेला नवरा पिशव्यांत हात घालतो म्हणे. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. मी तसलं मानत नाही.”

मानत नाही म्हणताना त्यांनी कपाळ पुसलं. ओसरीवर तर चांगली सावली होती.

“पण ती जेवणाचे डबे करते, आई. दिवसभर खरकट्यात हात. घाण तिथूनच येते. तिची खोली आश्रमाची, म्हणून तुमच्याकडे आलो. तुम्ही फक्त हो म्हणा. उद्या खाली करून घेतो.”

“ती कुठं जाईल?”

“ते आपण कसं बघणार?”

...

कमळाई उठल्या. तांब्या आणि साबण घेऊन आल्या.

“हात धुवा.”

त्यांनी स्वतः पाणी घातलं. हिंगणकरांनी कोपरापर्यंत हात धुतले, घडीच्या रुमालाला पुसले.

कमळाईंनी कोपऱ्यातली पिशवी समोर ठेवली. आश्रमाचा सुका कचरा. कॅलेंडरची जुनी पानं, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या.

“रोज तपासता तशी तपासा.”

हिंगणकरांनी गाठ सोडली. तळापर्यंत हात घातला, पानं वरखाली केली. कुठे डाग नाही. त्यांचा चेहरा उजळला.

“बघा! सोसायटीत एक घर तरी असं असतं तर...”

त्यांनी गाठ मारली.

“आता सोडा,” कमळाई म्हणाल्या.

“अहो, आत्ताच तर...”

“सोडा.”

त्यांनी गाठ सोडली.

वरच्याच पानाच्या कोऱ्या पाठीवर पंजा होता. ओला. त्याखालच्या पानावर होता. त्याच्याही खालच्यावर. आंबलेल्या वरणाचा वास ओसरीभर झाला. भिंतीजवळची कुत्री बारीक आवाजात विव्हळू लागली.

हिंगणकरांनी आपला तळवा उलटसुलट केला. स्वच्छ होता. साबणाचा वासही गेला नव्हता.

मग त्यांनी तो हात हळूच चुन्यानं रंगवलेल्या खांबावर टेकवला आणि उचलला...

पाच बोटं. तपकिरी.

त्यांना भीती वाटली. लहान मुलाला अंधाऱ्या न्हाणीघराची वाटते तशी. ते आतल्या चुलीकडे धावले, मूठभर राखेनं हात घासला, पाणी ओतलं, पुन्हा घासला. तळवा लालबुंद झाला. परत येऊन त्यांनी तो खांबावर दुसरीकडे टेकवला.

उमटला.

“आई... मी तर घाण काढायला निघालो होतो हो.” ते तळव्याकडे बघत म्हणाले. “रोज सकाळी उठून मीच... सगळ्यांच्या पिशवीत मीच...”



कमळाईंनी पिशवी उचलून बाजूला ठेवली.

“हे जाईल का?”

कमळाईंनी तांब्या उचलून जागेवर ठेवला.

“मैनाबाईला काय सांगू?”

“सांगू नका काही,” कमळाई म्हणाल्या. “उद्या तिच्याकडे जेवायला बसा. चमचा मागू नका. याच हातानं जेवा.”