वहिनीचे दोन शब्द

“जर्मन की फ्रेंच? एवढंच सांगा, भन्ते.”

प्राध्यापक उत्तमराव रणपिसे विहाराच्या ओसरीवर बसले होते. भन्ते धम्मसारांकडे ते तरुणपणी पाली शिकले, पुढे आणखी चार भाषा शिकले. आज सोबत पुतणी होती, विशाखा. तिचे वडील गेल्यापासून घर उत्तमरावांच्या शब्दावर चालत होतं.

“तिला काय हवंय?” भन्तेंनी विचारलं.

“तिला? नेपाळी!” उत्तमराव उसळले. “मी जगाची दारं उघडून देतोय आणि ही म्हणते, नेपाळी! फी मी भरणार, ऐकायचं मात्र नाही.”

“कुणाशी बोलायचंय, पोरी?”

“वहिनीशी.”

भन्ते तिच्याकडे वळले.

“दादानं पोखऱ्याहून लग्न करून आणली,” विशाखा म्हणाली. “तो गाडीवर ड्रायव्हर, आठ-आठ दिवस घरी नसतो. घरात सगळे तिच्याशी खुणांनी बोलतात. भांडी, झाडू, चूल… बोट दाखवतात नुसतं. परवा मोरीत बसून रडत होती. का, ते मला विचारताही येईना.”

“तिनं मराठी शिकावी!” उत्तमराव म्हणाले. “आपल्या घरात आलीय ती.”

“शिकलीय ना, काका.” विशाखाचा आवाज चढला. “दोन शब्द शिकलीय. ‘हो’ आणि ‘चालेल’.”

“बरोबर आहे. मीच शिकवले. सुरुवात सोप्यापासून करावी.”



“उत्तम,” भन्ते म्हणाले, “सुनेचं नाव काय?”

“ते… जरा अवघड आहे. आम्ही ‘सूनबाई’च म्हणतो.”

“मनमाया,” विशाखा म्हणाली.

भन्तेंचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांत उत्तमरावांनी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं. उत्तमराव गडबडून उठले, नमस्काराला वाकले.

भन्तेंनी पाय आखडून घेतले.

उत्तमराव तसेच वाकलेले राहिले.

“भन्ते… माझं काही चुकलं का? मी तर हिच्या भल्यासाठीच… मग हिनं कोणती भाषा शिकायची?”

“हिचं ठरलंय.”

“मग मी काय करू?”

“घरी जा,” भन्ते म्हणाले. “मनमायाला ‘नाही’ म्हणायला शिकव.”