शेवटचं नाव

"कितव्या नंबरावर म्हणालास?"

धोंडीबुवांनी मान वर न करता विचारलं. मांडीवर त्यांची वासुदेवाची टोपी होती. तिच्यातलं तुटकं मोरपीस काढून ते तिथं नवं टाचत होते.

"पोर्तुगालात तिसरं," रंगनाथ म्हणाला. "पोलंडात सातवं. तुर्कस्तानात नववं. चिलीत अकरावं. आन साऱ्या जगाची म्हणून जी यादी असती, तिच्यात एकोणिसावं."

"आन आपल्या इथं?"

"इथं पयलंच. ते इचारूच नका."

बुवांनी दोरा दातानं तोडला.

"लई पाठ केलंस की रं. दान पावल्याची नावं पाठ व्हायला तुला दोन वर्सं लागली व्हती."

खोटं काहीच नव्हतं त्यात.

गाणं मोतीरामचं होतं. मोतीराम त्याचा गुरुभाऊ. रंगनाथ बुवांकडे आला त्यानंतर चार महिन्यांनी हा आला. चिपळ्या बोटांत कशा धरायच्या तेसुद्धा त्याला रंगनाथनं दाखवलं. थंडीत दोघं एका घोंगडीत झोपायचे. पुढं प्रत्येकानं आपापली गावं वाटून घेतली आणि तेवीस वर्षं दोघं पहाटे उठून दारोदार गात राहिले. मग कुठल्याशा जत्रेत पुण्याच्या एका मुलीनं मोतीरामला ऐकलं. त्याचा आवाज आणि त्याच्या चिपळ्या तिनं नेल्या, खाली कॉम्प्युटरवरचे ढोल घातले आणि एका शुक्रवारी 'जागं व्हा जी' बाहेर पडलं.

तीन आठवड्यांत ते कुठल्या कुठं गेलं. परक्या देशातली माणसं कागदाची मोरपिसं डोक्याला लावून नाचू लागली.

परक्या देशाचं एक वेळ चाललं असतं. पण पिठाच्या गिरणीत तेच, सलूनमध्ये तेच, एसटीत कंडक्टरच्या खिशात तेच. वाटेत माणसं रंगनाथला थांबवून सांगत, "तुमच्या मोतीरामनं नाव काढलं हो!" रंगनाथ हसून "व्हय, व्हय" म्हणे. त्या हसण्यानं त्याचे गाल दुखायला लागले होते.

सकाळी तोंड धुवायच्या आधी तो मोबाइलवर नंबर बघे. पोर्तुगालात गाणं दुसऱ्यावरून तिसऱ्यावर घसरलं, त्या दिवशी तो एक भाकरी जास्त जेवला होता.

"बुवा," तो म्हणाला, "त्या गाण्यात जे वळण हाय ना, ज्याच्यावर सारं जग नाचतंय... ते माझं हाय."

बुवांची सुई थांबली.

"नीरेच्या पुलावर. आठवतंय? माझ्या चिपळीची झांज निखळून पडली. ठेका चुकला म्हणून मी आवाज वर नेला आन तिथंच फिरवून धरला. तुम्ही थांबलात. म्हणालात, परत म्हण."

"आठवतंय."

"मोत्या तवा मागं व्हता, झोळी घेऊन."

"व्हता."

"मग आज चार वाजता टीव्हीवालं येणार हायती तुमच्याकडं. मोतीरामचे गुरू म्हणून. त्यांना एवढंच सांगा, चाल रंगनाथची. मोतीरामनं चोरली. दुसरं काय मागत न्हाई मी."

"आन न्हाई सांगितलं तर?"

रंगनाथनं पिशवीतून आपली टोपी काढली आणि बुवांच्या पुढ्यात ठेवली. तेवीस वर्षांत ती त्यानं कधी जमिनीला लागू दिली नव्हती.

"तर ही ठिवून घ्या. उद्यापासनं फेरी बंद."

ही नुसती धमकी असती तर बुवा हसले असते. पण टोपी गेल्यावर रंगनाथ म्हणजे कोण, हे खुद्द त्यालाही सांगता आलं नसतं.

बुवांनी टोपीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"गाणं कसं हाय?"

"...कसं म्हंजी?"

"ऐकलंस न्हवं?"

"शंभर डाव."

"शेवटपतुर?"

शंभर वेळा ऐकलं होतं, पण प्रत्येक वेळी त्या वळणापर्यंत. एक मिनिट आणि वर काही सेकंद. तिथं आलं की त्याच्या जिवाची लाही व्हायची आणि अंगठा आपोआप गाणं बंद करायचा.

"लाव," बुवा म्हणाले.

"कशापायी?"

"मी ऐकलं न्हाई अजून. लाव."

त्यानं लावलं. ढोल सुरू झाले. मोतीरामचा आवाज आला, तोच, थोडा नाकातला, ज्याची रंगनाथ लहानपणी टिंगल करायचा. मग ते वळण आलं.

रंगनाथचा अंगठा खाली गेला.

बुवांनी तो वरच्या वर धरला. हातात सुई होती तशीच. म्हाताऱ्याच्या बोटांत एवढी पकड असेल असं वाटलं नव्हतं.

"बुवा, सोडा."

"ऐक."

गाणं पुढं गेलं. दुसरं कडवं रंगनाथ पहिल्यांदाच ऐकत होता. ते वाईट असतं तर किती बरं झालं असतं. पण ते चांगलं होतं. इतकं चांगलं की त्याचा डावा पाय ठेका धरू लागला आणि त्याला तो उजव्या पायानं दाबून ठेवावा लागला.

तिसरं कडवं झालं. ढोल थांबले. नुसत्या चिपळ्या राहिल्या. आणि मोतीराम, जसा कुठल्याही दारात म्हणेल तसा, नावं घेऊ लागला.

"जेजुरीच्या खंडेरायाला... दान पावलं. तुळजापूरच्या आईला... दान पावलं. वडजलच्या धोंडीबुवाला... दान पावलं."

मग श्वास घेतल्याचा आवाज. तो त्या पुण्याच्या मुलीनं काढून टाकला नव्हता.

"नीरेच्या पुलावरच्या रंगादादाला... दान पावलं."

त्या शेवटच्या शब्दावर तेच वळण पुन्हा आलं. खाली ढोल नाहीत, काही नाही.

गाणं संपलं. बुवांनी अंगठा सोडला.

...

दुसरा कोणी असता तर त्यानं तिथंच डोळे पुसले असते. रंगनाथचे डोळेही भरले, उगाच कशाला खोटं सांगा. पण ते रागानं भरले. चोर पकडून आणला म्हणून तो एवढ्या तावातावानं आला होता, आणि चोर त्याच्या हातात साव निघाला. आता त्याच्यावर चिडायची सोयसुद्धा राहिली नाही. गाणंही त्याचंच गाजलं, आणि वर मोठं मनही त्याचंच.

"शेवटाला घेतलंय नाव," तो अखेर म्हणाला. "तिथवर कोण ऐकतंय?"

"तू तरी कुटं ऐकलंस?"

"आन पोलंडात काय कळणार, रंगादादा कोण ते?"

"न्हाईच कळणार."

"मग?"

बुवा सुईत दोरा ओवू लागले. तो दोनदा चुकला.

"ठिवू मग टोपी?" रंगनाथ म्हणाला.

"ठिव की. मी कुटं अडवलंय?" बुवांनी फाटकाकडे पाहिलं. "पर ती बघ, अनसूयाबाई आली. दान घिऊन आली वाटतं."

शेजारची अनसूयाबाई सुपात बाजरी घेऊन अंगणात येत होती.

"सकाळी मी रानात व्हते, बुवा. तुमची फेरी चुकली. म्हटलं, आता तरी घालावं."

"माझी टोपी उसवलेली हाय गं बाई, मला न्हाई घेता यायचं," बुवा म्हणाले. "रंगा, तू घे एवढं. शेवटचं दान समज. मग ठिव टोपी खुशाल."

दारात दान घेऊन उभ्या बाईला नाही म्हणणं रंगनाथला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यानं जमिनीवरची टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली आणि झोळी खांद्याला लावली.

बाकीचे वासुदेव दान पदरात पडलं की नावं घेतात. धोंडीबुवांची रीत उलटी होती. आधी सगळी नावं, मग झोळी पुढं. पदरात पडल्यावर माणसाचा आवाज बदलतो, असं ते म्हणत.

रंगनाथनं चिपळ्या वाजवल्या. आवाज सुटला. काही झालं तरी आवाज त्याचा चांगला होता, मोतीरामपेक्षाही चांगला. हे बुवांना ठाऊक होतं, मोतीरामला ठाऊक होतं, आणि रंगनाथला तर फारच ठाऊक होतं.

"जेजुरीच्या खंडेरायाला दान पावलं... तुळजापूरच्या आईला दान पावलं... कोल्हापूरच्या अंबाबाईला दान पावलं... शिखर शिंगणापूरच्या महादेवाला दान पावलं..."

तो झोळी पुढं करणार, तोच बुवा म्हणाले, "आन शेवटाला मोतीराम."

"काय?"

"मोतीरामला दान पावलं. तेवढं घे नाव, मग झोळी पुढं कर."

रंगनाथनं चिपळ्या पुन्हा वाजवल्या.

"मोती..."

तो खाकरला. परत ठेका धरला.

"मोती..."

एवढा सुटलेला आवाज तिथंच कसा अडला, त्याचं त्यालाच कळेना. अनसूयाबाईनं सूप या हातातून त्या हातात घेतलं.

"काय झालं रं बाबा? पाणी देऊ का?"

रंगनाथनं मान हलवली. त्याचं तोंड लाल झालं होतं. त्यानं बुवांकडे पाहिलं, आणि दुपारपासून पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात भांडण नव्हतं.

"बुवा, हे काय होतंय मला? खंडोबाचं नाव रोज घेतो. त्याला सारा मुलूख भंडारा उधळतो, त्याचं काय सुदीक वाटत न्हाई मला. ह्याचंच नाव का निघंना?"

"खंडोबा काय तुझ्या घोंगडीत झोपला व्हता?"

...

रंगनाथ जागच्या जागी उभा राहिला. हातातल्या चिपळ्या उघड्याच राहिल्या. त्याला काय आठवलं ते त्याचं तो जाणे, पण त्याचा डावा खांदा जरासा आक्रसला, थंडीत घोंगडीचं टोक कुणी ओढावं तसा.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. दारं उघडली. एक पोरगी माइक घेऊन उतरली, तिच्यामागं कॅमेरा घेतलेला माणूस.

"धोंडीबुवांचं घर हेच ना? मोतीरामचे गुरू?"

मोतीरामचे गुरू. रंगनाथचेही तेच गुरू होते. ती पोरगी सरळ बुवांकडे निघाली. टोपी घालून उभ्या असलेल्या रंगनाथकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. नाही, बघितलं; कॅमेरावाल्याला म्हणाली, "यांना मागे घे, छान दिसतील."

रंगनाथ घाईनं बुवांच्या कानाशी वाकला.

"बुवा... काय सांगणार तुम्ही त्यांना? चाल कुणाची म्हणून सांगणार?"

बुवांनी सुई टोपीत खोचली. माइककडे पाहिलं नाही, कॅमेऱ्याकडेही नाही.

"रंगा," ते म्हणाले, "ती बाई कवाधरनं सूप धरून उभी हाय."